फीडरवर आलेल्या चिकाडीला दुसऱ्या गाणाऱ्या पक्ष्याने मारले. फीडर काढून टाकावा का?

उत्तरवारा (मिनेसोटा)

आमचे घर मिनेसोटाच्या उत्तर भागात आहे. मागच्या अंगणात क्रॅबॲपलच्या झाडाजवळ एका खांबावर सूर्यफुलाच्या बियांचा फीडर, म्हणजे पाखरांना दाणे घालायचे भांडे, आणि चरबीच्या वड्यांची जाळी लावलेली आहे. हिवाळाभर तेथे चिकाडी (काळ्या टोपीचे चिमुकले पाखरू), जंको, गोल्डफिंच, नटहॅच असे लहान पक्षी येत असतात. कूपर्स हॉकने झडप घालून एखादे पारवे उचलून नेल्याचे मी पूर्वी पाहिले आहे आणि त्याचे फारसे नवल वाटले नव्हते, कारण तो शिकऱ्याच्या कुळातला पक्षी आहे. गेल्या आठवड्यात मात्र जे पाहिले त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

साधारण साळुंकीएवढा, राखाडी रंगाचा एक पक्षी शेजारच्या निष्पर्ण झाडाच्या अगदी शेंड्यावर येऊन बसला. डोळ्यांवरून काळी पट्टी, काळे पंख आणि त्यांवर पांढरा ठिपका असे त्याचे रूप होते. थोडा वेळ तो हळू आवाजात, शिट्ट्या आणि किरकिर यांची सरमिसळ असलेले काहीतरी गातही होता. फीडरवरच्या चिकाड्या जागच्या जागी थिजल्या. मग त्याने खाली सूर मारला, एका चिकाडीचा क्रॅबॲपलच्या फांद्यांमधून आतबाहेर पाठलाग केला, तिला बर्फावर पाडले आणि मानेवर चोचीने चावे घेऊन ठार केले. दुसऱ्या दिवशी त्याच झाडाच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात ती अर्धवट खाल्लेली चिकाडी मानेने अडकवलेली आढळली.

भारतातून आलेल्या माझ्या सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत आणि त्या खिडकीत बसून दिवसभर हे पक्षी पाहतात. त्यांना हा प्रकार फार लागला. दाण्याचे आमिष दाखवून आपणच पाखरांना मरणाच्या दारात बोलावले, असे त्या म्हणतात आणि फीडर उतरवण्याचा आग्रह धरतात. गाणारा पक्षी दुसऱ्या गाणाऱ्या पक्ष्याची अशी शिकार करतो हे सर्वसामान्य आहे का? इतर लहान पक्षीही असे करतात का? आणि ऐन थंडीत फीडर काढला तर त्यावर येणाऱ्या पक्ष्यांचे हाल होतील का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

हिमरेषा (ओंटारिओ)

तुमच्या वर्णनावरून तो नॉर्दर्न श्राइक आहे यात शंका नाही. आपल्याकडे माळावर, तारांवर दिसणारे खाटीक पक्षी ज्या कुळातले आहेत त्याच कुळातला हा उत्तरेकडचा मोठा भाऊबंद आहे. २०१७ पर्यंत अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ त्याला युरोप-आशियातील ग्रेट ग्रे श्राइकचाच एक प्रकार मानत असत. आता तो स्वतंत्र जात म्हणून ओळखला जातो. त्याची वीण अलास्कात आणि कॅनडाच्या उत्तर टोकाकडे, झाडी विरळ होऊन टुंड्रा सुरू होतो त्या पट्ट्यात होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो दक्षिणेकडे उतरतो आणि मार्च-एप्रिलात परततो. काही हिवाळ्यांत हे पक्षी नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या संख्येने खाली येतात.

तो गाणारा पक्षी आहे का, याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. पक्ष्यांच्या निम्म्याहून अधिक जाती ज्या एका मोठ्या गणात मोडतात, त्यातील गाणाऱ्या पक्ष्यांच्या शाखेत श्राइक येतो आणि त्या शाखेत कावळे त्याचे जवळचे नातलग आहेत. ही विभागणी स्वरयंत्र, पायांची ठेवण आणि वंशावळ पाहून केलेली आहे. कोण काय खातो याच्याशी तिचा संबंध नाही. त्यामुळे गाणारा पक्षी म्हटले की दाणे टिपणारा निरुपद्रवी जीव डोळ्यांसमोर येतो, ती समजूत आपण फीडरवरच्या पाहुण्यांवरून करून घेतलेली असते. फीडरवर बिया खाणारी चिकाडीसुद्धा उन्हाळ्यात आपल्या पिलांना अळ्या आणि कोळी भरवते.

श्राइकची खरी अडचण त्याच्या पायांची आहे. शिकरा किंवा ससाणा भक्ष्य नखांत आवळून धरतो आणि चोचीने फाडतो. श्राइकचे पाय मात्र इतर गाणाऱ्या पक्ष्यांसारखेच, फांदीवर बसण्यापुरते आहेत. त्यांत भक्ष्य दाबून धरून फाडण्याची ताकद नाही. त्याची चोच मात्र शिकारी पक्ष्याची आहे. वरच्या पात्याचे टोक आकडीसारखे वळलेले असते आणि टोकाच्या जरा मागे, कडेला, ससाण्याच्या चोचीला असतो तसा दातासारखा कंगोरा असतो. हा कंगोरा मानेच्या मणक्यांमध्ये रुतवून तो मज्जारज्जू निकामी करतो. तुम्ही पाहिलेले मानेवरचे चावे याचसाठी होते. नंतर मांस फाडताना भक्ष्य कोठेतरी घट्ट अडकलेले असावे लागते आणि म्हणून तो ते काट्यावर टोचतो, काटेरी तारेवर खोचतो किंवा तुमच्याकडे केले तसे बेचक्यात अडकवतो. उरलेले खायला तो पुन्हा तेथेच येतो.

त्याच्याच अमेरिकी भावंडाविषयी, म्हणजे लॉगरहेड श्राइकविषयी, २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील सान क्लेमेंटे बेटावर, संवर्धनासाठी पाळलेल्या श्राइकना उंदीर देऊन त्यांचे वेगवान कॅमेऱ्याने चित्रीकरण करण्यात आले. पक्षी उंदराची मान चोचीत धरून त्याला सेकंदाला सुमारे ११ वेळा गदागदा हलवतो आणि त्या झटक्यांत उंदराच्या शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६ पट त्वरण मिळते, असे त्यात दिसले. त्यामुळे चाव्याबरोबर मानेला बसणारा हिसकाही भक्ष्याला निकामी करत असावा, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

नॉर्दर्न श्राइकचे वजन सुमारे ६५ ग्रॅम आणि चिकाडीचे साधारण ११ ग्रॅम असते. उन्हाळ्यात तो मोठ्या प्रमाणावर कीटकांवर राहतो. हिवाळ्यात कीटक नसतात, व्होल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर बर्फाच्या थराखालच्या बोगद्यांतून फिरतात, आणि उघड्यावर एके ठिकाणी जमलेले लहान पक्षी फक्त फीडरपाशी सापडतात. तो तुमच्या अंगणात येण्याचे कारण हे असे सरळ आहे.

चिकाड्या थिजल्या हे तुम्ही नेमके टिपले आहे. उडत्या शिकाऱ्याची चाहूल लागताच चिकाडी एक अतिशय बारीक, उंच पट्टीचा आवाज काढते आणि तो ऐकणारी प्रत्येक चिकाडी आहे तेथे पुतळ्यासारखी स्तब्ध होते. शिकारी बसलेला असेल तर मात्र त्या त्याच्याभोवती जमून ‘चिक-अ-डी-डी-डी’ असा ओरडा करतात. शिकारी लहान आणि चपळ, म्हणजे चिकाडीला अधिक धोक्याचा असेल, तर शेवटच्या ‘डी’ची संख्या वाढते, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सिद्ध झाले आहे. मोठ्या शिंगळा घुबडासाठी कमी ‘डी’ आणि मुठीएवढ्या पिग्मी घुबडासाठी जास्त, असा तो हिशेब आहे. पुढच्या वेळी ऐकून पाहा. खिडकीच्या काचेतूनही तो फरक कळतो.

उत्तरवारा (मिनेसोटा)

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांचा एक प्रश्न आहे: मारायचेच होते तर तो आधी गात का होता?

हिमरेषा (ओंटारिओ)

सासूबाईंचा प्रश्न पक्षिशास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. बहुतेक गाणारे पक्षी विणीच्या काळात गातात. नॉर्दर्न श्राइक नर आणि मादी दोघेही हिवाळ्यातही गातात आणि त्या गाण्यात इतर लहान पक्ष्यांच्या आवाजांच्या नकला असतात. या नकला ऐकून लहान पक्षी कुतूहलाने जवळ येतात आणि त्यांची शिकार सोपी होते, असे मत काही अभ्यासकांनी १९९०च्या दशकात मांडले. हिवाळी क्षेत्रावर आपला हक्क सांगण्यासाठीही गाणे उपयोगी पडत असणार, आणि मला स्वतःला हे दुसरे कारण अधिक वजनदार वाटते, कारण जवळपास एकही लहान पक्षी नसतानाही हे पक्षी बराच वेळ गात बसलेले मी ऐकले आहेत.

कालव्याकाठचा (नेदरलँड्स)

इतर लहान पक्षीही असे करतात का, या प्रश्नाला युरोपातून उत्तर देतो. श्राइकची चोच तरी पाहताक्षणी शिकाऱ्याची वाटते. आमच्या येथे प्रत्येक फीडरवर हमखास दिसणारा ग्रेट टिट, म्हणजे भारतात ज्याच्या जवळच्या नातलगाला आपण रामगंगा म्हणतो तो पक्षी, जेमतेम १८ ग्रॅमचा असतो. पिवळे पोट, त्यावर काळा पट्टा, पांढरे गाल. शेंगदाण्याच्या जाळीला उलटा लोंबकळताना तो फार लोभस दिसतो. त्याच्याविषयी गेल्या काही वर्षांत जे समजले आहे ते मात्र अंगावर काटा आणणारे आहे.

हंगेरीच्या ईशान्येस ब्युक्क पर्वतात एक गुहा आहे आणि तेथे पिपिस्ट्रेल जातीची वटवाघळे शीतनिद्रा घेतात. ही वटवाघळे पाचेक ग्रॅमची असतात. ग्रेट टिट गुहेत शिरून त्यांना कपारींतून बाहेर ओढतात, मारतात आणि खातात, हे निरीक्षण २०१० साली प्रसिद्ध झाले. दोन हिवाळ्यांच्या पाहणीत अशी १८ प्रकरणे नोंदवली गेली. शीतनिद्रेतून जागे होताना वटवाघूळ जो आवाज काढते तो ध्वनिमुद्रित करून ऐकवला असता बहुतेक ग्रेट टिट त्या दिशेने वळले. म्हणजे भक्ष्य शोधायला ते कानांचा उपयोग करत होते. हाच प्रकार त्याच गुहेत सुमारे १० वर्षांपूर्वीही पाहण्यात आला होता. पक्ष्याचे आयुष्य पाहता, ही युक्ती एकाने दुसऱ्याकडून शिकून तेथे टिकून राहिली असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

तुमच्या चर्चेच्या दृष्टीने यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. संशोधकांनी गुहेच्या तोंडाशी सूर्यफुलाच्या बिया आणि डुकराच्या चरबीचे तुकडे ठेवले, तेव्हा वटवाघळांची शिकार जवळजवळ थांबली. याचा अर्थ हे पक्षी कडाक्याच्या थंडीत दुसरे काही मिळेना म्हणून मांसाकडे वळत होते. अशा वेळी फीडर त्यांना शिकारीपासून दूरही नेतो.

आमच्या देशातला अनुभव याहून वेगळा आहे, कारण येथे भुकेचा प्रश्न नसून जागेचा आहे. ग्रेट टिट वर्षभर येथेच राहतो आणि घरट्याच्या पेट्या लवकर बळकावतो. पाइड फ्लायकॅचर हा १२-१३ ग्रॅमचा पाहुणा वसंत ऋतूत पश्चिम आफ्रिकेतून परततो आणि रिकामी पेटी शोधताना ग्रेट टिटच्या पेटीत डोकावतो. एकदा आत शिरला की बाहेर पडण्याची वाट एकच असते. ग्रेट टिट त्याला पायांनी धरून डोक्यावर चोची मारतो आणि कित्येकदा त्याचा मेंदू खातो. २००७ ते २०१६ या काळात डच संशोधकांना पेट्यांमध्ये असे ८८ मृत फ्लायकॅचर आढळले. काही वर्षी त्या परिसरातील नरांपैकी जवळजवळ ९ टक्के नर या संघर्षात मेले. सौम्य हिवाळ्यानंतर ग्रेट टिटची संख्या वाढते आणि दोन्ही जातींची अंडी घालण्याची वेळ एकमेकांवर आली की मृत्यू वाढतात, असे त्यांच्या आकडेवारीत दिसले. म्हणून हवामानबदलाचा परिणाम पाहण्यासाठी हा अभ्यास महत्त्वाचा ठरला. मात्र एवढ्या मृत्यूंनंतरही फ्लायकॅचरची एकूण संख्या घटल्याचे दिसले नाही, कारण मरणारे बहुतेक उशिरा पोहोचलेले नर होते आणि त्यांना त्या हंगामात मादी मिळण्याची शक्यता तशीही कमी होती.

माझ्या मागच्या अंगणातल्या भिंतीवर अशीच एक पेटी आहे. एप्रिलमध्ये तिच्या गोल भोकातून ग्रेट टिटचे पांढरे गाल दिसतात आणि मला तो पक्षी आजही तितकाच आवडतो. फक्त त्याला भोळा समजणे मी सोडून दिले आहे.

माळरानी (सोलापूर)

उत्तरवाराताई, तुमच्या सासूबाई महाराष्ट्रातल्या असतील तर त्यांनी खाटीक पक्षी नक्की पाहिलेला असणार. कदाचित त्याचा हा उद्योग जवळून पाहिलेला नसेल. आमच्याकडे नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपासच्या गवताळ माळावर लांब शेपटीचा खाटीक, छोटा खाटीक आणि राखी खाटीक असे तिघेही दिसतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आणखी काही पाहुणे येतात. बाभळीच्या किंवा बोरीच्या झाडाखाली उभे राहून काटे निरखून पाहिले तर कोठे नाकतोडा, कोठे लहान सरडा, तर कोठे नुसतेच टोळाचे वाळलेले पाय टोचलेले आढळतात. एका बोरीवर मी पाहिलेला नाकतोडा अजून जिवंत होता. काटा त्याच्या पाठीतून आरपार गेलेला होता आणि त्याच्या मिशा हलत होत्या. पाहायला ते कठीण जाते हे मी मान्य करतो.

परंतु हे साठवण निव्वळ खादाडपणाने केलेले नसते. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात १९८०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत काही नर खाटकांच्या काट्यांवरचा साठा अभ्यासकांनी काढून टाकला आणि काहींचा वाढवला. ज्यांचा साठा काढला त्यांना माद्या मिळाल्या नाहीत आणि ज्यांचा वाढवला त्यांची वीण लवकर आणि चांगली झाली. म्हणजे काट्यावरचा साठा ही मादीला दाखवायची ऐपत आहे. फ्लोरिडातला लॉगरहेड श्राइक तर लबर जातीचा विषारी नाकतोडा काट्यावर टोचून एक-दोन दिवस तसाच ठेवतो आणि विषाचा जोर ओसरल्यावर खातो.

आपल्याकडे फीडर लावण्याची पद्धत अलीकडची आहे. गच्चीवर बाजरी-तांदूळ आणि उन्हाळ्यात पाण्याचे भांडे ठेवणे मात्र जुनेच. तेथे खाटीक क्वचितच येतो. कावळा आणि टकाचोर मात्र परसातल्या घरट्यांतली अंडी आणि पिले नेहमी पळवतात, आणि वर हिमरेषा यांनी लिहिल्याप्रमाणे तेही गाणाऱ्या पक्ष्यांच्याच शाखेतले आहेत. गावाकडच्या माणसाला याचे नवल वाटत नाही, कारण त्याने बुलबुलाचे घरटे लुटले जाताना लहानपणापासून पाहिलेले असते.

निळापंख (ओहायो)

वर सगळ्यांनी शिकारी पक्ष्यांची नावे घेतली, परंतु आपल्या सर्वांच्या ओळखीचा एक पक्षी अद्याप चर्चेत आलेला नाही. तो म्हणजे चिमणी.

मी अनेक वर्षे ईस्टर्न ब्लूबर्ड या येथल्या मूळच्या निळ्या पक्ष्यासाठी घरट्यांच्या पेट्या लावत आहे. चिमणी या खंडातली मूळची नव्हे. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे ती युरोपातून आणून सोडली गेली आणि काही दशकांत देशभर पसरली. ब्लूबर्डला घरट्यासाठी झाडातली किंवा पेटीतली पोकळी लागते. चिमणीलाही तीच हवी असते. चिमणा पेटीत शिरून ब्लूबर्डच्या डोक्यावर चोचीने घाव घालतो, अंडी फोडतो, पिले मारतो आणि पुष्कळदा मृत पक्ष्याच्या अंगावरच गवताचे घरटे रचतो. ब्लूबर्डच्या पेटीचे भोक दीड इंच व्यासाचे ठेवले की स्टार्लिंग, म्हणजे युरोपातूनच आणलेला साळुंकीच्या कुळातला पक्षी, आत येऊ शकत नाही, चिमणी मात्र सहज येते. १९७८ साली लॉरेन्स झेलेनी यांनी नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी स्थापन केली तेव्हापासून पेट्या लावणाऱ्या हजारो लोकांची ही मोठी चिंता राहिली आहे.

नाशिकहून सुरू झालेल्या मोहिमेमुळे २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो आणि महाराष्ट्रात घरोघर चिमण्यांसाठी पेट्या टांगल्या जातात. माझी आईही पुण्यात गॅलरीत अशी पेटी लावते आणि तिच्यात चिमणी यावी म्हणून वाट पाहते. मी येथे पेटी उघडून चिमणीचे घरटे काढून टाकतो. दोन्ही कामे आपापल्या जागी योग्य आहेत असे मला वाटते, कारण चिमणी तेथे मूळची आहे आणि येथे तिला माणसाने आणले आहे.

श्राइकचा आणि चिमणीचा येथे एक जुना संबंधही आहे. १८७०च्या दशकात बॉस्टनमध्ये नव्याने आणलेल्या चिमण्यांचे कौतुक चालू असताना, हिवाळ्यात उतरणारे नॉर्दर्न श्राइक बॉस्टन कॉमन या शहराच्या मध्यवर्ती उद्यानात त्यांची शिकार करू लागले. तेव्हा चिमण्यांच्या रक्षणासाठी तेथे श्राइकना गोळ्या घालण्यात आल्या. परक्या पक्ष्यासाठी मूळच्या पक्ष्याला मारले गेले. आज तसे करणे गुन्हा आहे, कारण १९१८च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने श्राइकला संरक्षण दिलेले आहे. चिमणी आणि स्टार्लिंग यांना त्या कायद्याचे संरक्षण नाही.

फीडरच्या संदर्भात कॉमन ग्रॅकलचाही उल्लेख करायला हवा. काळा, तुकतुकीत, पिवळ्या डोळ्यांचा हा १००-१२५ ग्रॅमचा पक्षी एरवी मका आणि बिया खातो. परंतु फीडरखाली दाणे टिपत असलेल्या चिमणीच्या डोक्यावर मागून घाव घालून तिला मारून खाल्ल्याच्या नोंदी जुन्या काळापासून आहेत. कावळ्याच्या कुळातला ब्लू जेही अंडी आणि पिले खातो. फीडरवर दिसणारी रांग आणि शिस्त ही मुख्यतः वजनाची असते. नागरिकांनी पाठवलेल्या नोंदींवरून १३६ जातींची जी उतरंड २०१७ साली मांडली गेली, तिच्यातही सामान्यतः जड पक्षी हलक्याला हुसकावतो असेच आढळले.

बर्फातली पावले (विस्कॉन्सिन)

फीडर काढावा की ठेवावा, या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचे उत्तर आमच्याच राज्यात झालेल्या कामात मिळते. मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेंपल यांनी विस्कॉन्सिनमध्ये चिकाड्यांच्या पायांत ओळखीच्या कड्या घालून त्यांच्या हिवाळ्यातील जगण्याचे प्रमाण मोजले आणि १९८८ साली ते प्रसिद्ध केले. फीडर असलेल्या भागात ६९ टक्के चिकाड्या हिवाळा पार करू शकल्या, तर फीडर नसलेल्या भागात ३७ टक्के. हा फरक मुख्यतः कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांत पडला होता. पुढे त्यांनी वर्षानुवर्षे चाललेले फीडर काढून घेतले आणि तेथील चिकाड्यांची तुलना कधीही फीडर न पाहिलेल्या चिकाड्यांशी केली. दोन्हींचे जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले, म्हणजे फीडरची सवय लागून चिकाडी स्वतःचे अन्न शोधणे विसरत नाही.

या दोन निष्कर्षांवरून तुमच्या सासूबाईंचे समाधान व्हावे. दाणे घालून तुम्ही पाखरांना मरणाच्या दारात बोलावलेले नाही. उणे २० अंशांच्या रात्री काढायला ११ ग्रॅमच्या जिवाला त्या दाण्यांचा मोठा आधार असतो. त्याच वेळी, श्राइक रोजच येऊ लागला आणि तुम्हाला ते पाहवत नसेल, तर आठ-दहा दिवस फीडर उतरवून ठेवण्यातही पाप नाही. चिकाड्या आसपासच्या झाडीत पांगतील आणि श्राइकही आपल्या विस्तीर्ण हिवाळी क्षेत्रात दुसरीकडे फिरू लागेल.

फीडर ठेवणार असाल तर त्याची जागा पुन्हा पाहा. लहान पक्ष्यांना सूर मारून शिरता येईल असे दाट झुडूप, शक्यतो स्प्रूस किंवा सीडरसारखे सदाहरित, फीडरपासून तीनेक मीटरवर असावे. मांजर दबा धरून बसेल इतके ते जवळ नसावे आणि पक्षी पोहोचण्याआधीच गाठला जाईल इतके दूरही नसावे. पाने गळालेल्या क्रॅबॲपलमध्ये श्राइक सहज आत शिरतो, हे तुम्ही पाहिलेच आहे. खिडकीची काच फीडरपासून एक मीटरच्या आत किंवा नऊ मीटरच्या पलीकडे असलेली बरी, कारण मधल्या अंतरावरून घाबरून उडालेला पक्षी पूर्ण वेगाने काचेवर आदळतो. फीडर दर दोन आठवड्यांनी धुऊन वाळवावा. २०२०-२१च्या हिवाळ्यात पाइन सिस्किन पक्ष्यांमध्ये साल्मोनेला या जिवाणूची मोठी साथ पसरली तेव्हा अनेक राज्यांत लोकांना फीडर उतरवायला सांगावे लागले होते, आणि अशा आजारी पक्ष्यांना पकडायला कोणत्याही शिकाऱ्याला कष्ट पडत नाहीत.

पक्ष्यांविषयी कळकळ असलेल्या माणसाने खरी चिंता कोठे करावी, याबद्दल मला आग्रहाने लिहावेसे वाटते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार अमेरिकेत मोकाट आणि घराबाहेर सोडलेली मांजरे दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. इमारतींच्या काचांवर आदळून मरणाऱ्यांचा २०१४चा अंदाज साडेछत्तीस ते जवळपास ९९ कोटी आहे. उत्तर अमेरिकेत १९७०च्या तुलनेत आज सुमारे २९० कोटी पक्षी कमी आहेत, असे २०१९ साली निष्पन्न झाले. याउलट खुद्द श्राइकचीच अवस्था बिकट आहे. लॉगरहेड श्राइकची संख्या १९६०च्या दशकापासून सुमारे तीन चतुर्थांशांनी घटली आहे, आणि वर ज्या सान क्लेमेंटे बेटाचा उल्लेख आला तेथील उपजात १९९०च्या दशकाच्या अखेरीस मोकळ्या रानात १४ पक्ष्यांवर आली होती. त्यानंतर संगोपन केंद्रात वाढवलेले पक्षी सोडून ती सावरण्यात आली. चिकाडी मात्र या प्रदेशातील सर्वात विपुल पक्ष्यांपैकी एक आहे.

तुम्ही पाहिलेली घटना कृपया प्रोजेक्ट फीडरवॉचकडे नोंदवा. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशाळा आणि कॅनडातील संस्था मिळून हा उपक्रम १९८७ पासून अमेरिका-कॅनडात चालवतात. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात नोंदी घेतल्या जातात आणि कोणी कोणाला हुसकावले किंवा मारले हे लिहिण्याचीही त्यात सोय आहे. सासूबाई दिवसभर खिडकीत बसत असतील तर त्यांच्याइतका चांगला निरीक्षक तुम्हाला मिळणार नाही. कोणत्या वेळी कोण आले एवढे त्यांनी मराठीत टिपून ठेवले तरी तुम्ही ते संध्याकाळी भरू शकाल.

उत्तरवारा (मिनेसोटा)

सर्वांचे आभार. फीडर ठेवायचे ठरले आहे. खांब स्प्रूसच्या बाजूला हलवला आहे. वेळा लिहून ठेवायला सासूबाई तयार झाल्या आहेत, परंतु बेचक्यातली ती अर्धी चिकाडी काढून पुरावी असे त्यांना वाटते. तसे केले तर चालेल का?

हिमरेषा (ओंटारिओ)

नको, ती तेथेच राहू द्या. श्राइक तो साठा लक्षात ठेवतो आणि शिकार न मिळालेल्या दिवशी त्याच्याकडे परत येतो. तुम्ही ती काढून टाकली तर तेवढ्यासाठी त्याला तुमच्या अंगणातली दुसरी चिकाडी मारावी लागेल. तो येऊन गेला की उरलेला भागही दिसेनासा होईल. त्याची वेळ मात्र सासूबाईंना अवश्य लिहून ठेवायला सांगा.